यंत्रांची सोडत : सुरक्षित किल्लीसाठी एकच रीत

सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेले धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. तालुका दुर्गम, वस्ती पाड्यापाड्यांवर विखुरलेली आणि बहुतांश लोकसंख्या आदिवासी. अशा भागात शासनाच्या योजना लोकांच्या दारी पोहोचविण्याचे काम आज बऱ्याच अंशी लहान लहान यंत्रांवर अवलंबून आहे. रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्र, बँक मित्राजवळील हातात मावणारे यंत्र आणि ग्रामपंचायतीचा संगणक ही त्यांतील नित्याची उदाहरणे होत. या यंत्रांवर बोट ठेवले की धान्य मिळते, मजुरीची रक्कम हाती पडते. बोटाचा हा ठसा वाटेत कोणाच्या हाती लागणार नाही, याची हमी कशावर उभी आहे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. ही हमी शेवटी एका साध्या गोष्टीवर येऊन ठेपते. कोणालाही आधी ओळखता येणार नाही असा अंक यंत्राला काढता आला पाहिजे.

नंदुरबार जिल्हा आणि यादृच्छिक अंक

या विषयाशी नंदुरबार जिल्ह्याचा जुना संबंध आहे. याच जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक ग्रामस्थांना देण्यात आले. आधारचा बारा आकडी क्रमांक यादृच्छिक असतो. तो पाहून धारकाचे गाव, जात, धर्म किंवा वय यांपैकी काहीही ताडता येत नाही. आधार क्रमांक यादृच्छिक असावा व धारकाच्या गुणविशेषांशी त्याचा संबंध नसावा, अशी स्पष्ट तरतूद २०१६ च्या आधार अधिनियमात आहे.

यादृच्छिक अंकाचा दुसरा उपयोग याहून अधिक वेळा होतो, मात्र तो डोळ्यांना दिसत नाही. लाभार्थी यंत्रावर बोट ठेवतो तेव्हा ठशाची माहिती गुप्त लिपीत बांधून पाठविली जाते. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराच्या वेळी २५६ द्विमान अंकांची एक नवी किल्ली तयार होते. द्विमान अंक म्हणजे शून्य किंवा एक. २५६ वेळा नाणे उडवून छापा की काटा ते क्रमाने लिहून काढले, तर अशी एक किल्ली तयार होईल. कुलूप कितीही भक्कम असले तरी किल्ली कशी असेल याचा अंदाज बांधता आला, तर त्या कुलपाचा उपयोग उरत नाही.

सोडत गावातली आणि यंत्रातली

पंचायत सदस्यांना सोडत ही गोष्ट नवी नाही. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत सर्वांसमक्ष काढली जाते. चिठ्ठ्या सारख्या आकाराच्या असतात, सारख्या घडीच्या असतात आणि त्या बहुधा लहान मुलाच्या हातून काढवितात. निकाल कोणालाही आधी ठाऊक असू नये, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा उद्देश असतो.

यंत्रापुढे मात्र येथेच अडचण उभी राहते. संगणक हा अत्यंत आज्ञाधारक सेवक आहे. तीच आज्ञा व तीच सामग्री दिली की तो दर वेळी तेच उत्तर देतो. हिशेबाच्या दृष्टीने हा गुण, तर सोडतीच्या दृष्टीने हाच दोष! म्हणून यंत्राला अनिश्चितता बाहेरून मिळवावी लागते. कळफलकावर बोटे पडण्याच्या वेळांमधील सूक्ष्म फरक, तबकडीच्या हालचाली, जाळ्यावरून येणाऱ्या संदेशांच्या वेळा अशा अनेक गोष्टींतून ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार पाहणारी मूळ आज्ञावली, ही अनिश्चितता थेंबाथेंबाने साठवीत असते.

घरातल्या संगणकाला हा साठा जमविण्यास वेळ लागत नाही. दुकानातील छोट्या यंत्राला तबकडी नसते आणि कळाही मोजक्याच असतात. वीज येताच ते सुरू होते व लगेच कामाला लागते. डोंगराळ भागात वीज जाण्या-येण्यामुळे असे प्रसंग वारंवार येतात. नेमक्या या पहिल्या काही क्षणांत त्याची अनिश्चिततेची शिदोरी रिकामी असते आणि किल्लीची गरज तर तेव्हाच पडते.

दोन धडे

रिकाम्या शिदोरीवर किल्ल्या तयार केल्या तर काय घडते, याची दोन उदाहरणे जगापुढे आहेत. डेबियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावली संचात २००६ साली एक बदल करण्यात आला. त्यामुळे किल्ली बनविताना अनिश्चिततेचा जवळजवळ एकच उगम शिल्लक राहिला, तो म्हणजे चालू कामाचा अनुक्रमांक. हा अनुक्रमांक फार तर ३२,७६८ पर्यंत जाई. अब्जावधींच्या अब्जावधी शक्यता असावयास हव्यात तेथे एका यंत्रप्रकारासाठी व एका लांबीसाठी तेवढ्याच किल्ल्या शक्य होत्या. मे २००८ मध्ये हा दोष उघडकीस आला आणि जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या.

दुसरे उदाहरण २०१२ सालचे. अमेरिकेतील संशोधकांनी इंटरनेटवरील यंत्रांच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांची परस्परांशी तुलना केली. संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या सुरक्षित जोडणीच्या यंत्रांपैकी ०.५० टक्के यंत्रांच्या खाजगी किल्ल्या त्यांना केवळ गणिताने काढता आल्या. अशी यंत्रे प्रामुख्याने जाळे जोडणारी छोटी उपकरणे होती. पहिल्यांदा सुरू होताच, पुरेशी अनिश्चितता जमण्यापूर्वीच, त्यांनी आपल्या किल्ल्या तयार केल्या होत्या.

सुरक्षित कक्ष

यावर उपाय म्हणून चिपमध्येच यादृच्छिकतेचा खरा झरा बसविण्यात येतो. सिलिकॉनमधील विद्युत प्रवाहात उष्णतेमुळे सतत सूक्ष्म गोंगाट चालू असतो. तो कोणाच्याही आज्ञेत नसतो. त्याचे मोजमाप करून शून्य व एक मिळविले जातात. अशा झऱ्याची परीक्षा कशी घ्यावी, याचे तपशीलवार निकष अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केले आहेत.

हा झरा पुष्कळदा ऑपरेटिंग सिस्टीमच्या थेट हाती दिलेला नसतो. मोबाईल व छोट्या उपकरणांत सर्रास आढळणाऱ्या आर्म पद्धतीच्या प्रक्रियकात कारभाराचे दोन विभाग असतात. एक सर्वसाधारण आणि दुसरा सुरक्षित. सुरक्षित विभागात फर्मवेअर नावाची, चिपच्या अगदी निकट राहणारी आज्ञावली काम करते. तिला कोषागाराची उपमा शोभेल. कार्यालयातील कोणीही कर्मचारी कोषागारात शिरून रक्कम उचलीत नाही, तर खिडकीवर रीतसर मागणी करतो. आधारसाठीच्या एल-१ श्रेणीच्या ठसा उपकरणांतही ठशाचे संकेतन अशाच विश्वसनीय कक्षात करण्याची अट आहे.

सर्वांसाठी एकच नमुना

आर्म प्रक्रियकाचा आराखडा एका कंपनीचा असला तरी चिप बनविणारे अनेक आहेत. प्रत्येकाचा झरा निराळा आणि खिडकीवर मागणी करण्याची रीतही निराळी. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीमला प्रत्येक चिपसाठी स्वतंत्र जोडआज्ञावली बाळगावी लागे आणि ती सुरू होईपर्यंत पहिले मोलाचे क्षण निघून जात. महसूल खात्याच्या गाव नमुन्यांची येथे आठवण होते. प्रत्येक गावाने आपापल्या पद्धतीने जमिनीची नोंद ठेवली असती, तर परगावी बदलून गेलेल्या कर्मचाऱ्याला ती वाचता आली नसती. सात-बारा उतारा राज्यात सर्वत्र एकाच नमुन्यात असतो, म्हणून तो कोठेही समजतो.

हेच तत्त्व आर्म कंपनीने यादृच्छिक अंकांच्या मागणीला लावले आणि फर्मवेअरसाठी एक प्रमाण नमुना प्रसिद्ध केला. त्यातील मागण्या मोजक्या आहेत. तुमच्या नमुन्याची आवृत्ती कोणती? अमुक सेवा तुमच्याकडे आहे काय? तुमच्या झऱ्याचा ओळख क्रमांक काय? आणि शेवटी, मला इतके यादृच्छिक अंक द्या. ही शेवटची मागणी दोन प्रकारे करता येते. एका प्रकारात एका खेपेस ९६ पर्यंत, तर दुसऱ्या प्रकारात १९२ पर्यंत द्विमान अंक मिळतात. अधिक हवे असल्यास पुन्हा मागावे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमने २०२१ मधील ५.१२ या आवृत्तीपासून हा नमुना स्वीकारला आहे. त्यामुळे चिप कोणाचीही असो, फर्मवेअरने हा नमुना पाळला असेल तर यंत्र सुरू होताच शिदोरी भरून घेता येते.

या नमुन्यातील दोन तरतुदी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ओळख क्रमांकाची. एखाद्या झऱ्यात पुढे दोष आढळला, तर तो नेमका कोणत्या यंत्रांत आहे हे या क्रमांकावरून कळते. दुसरी नकाराची. पुरेशी अनिश्चितता उपलब्ध नसेल तर फर्मवेअरने कसातरी अंक देऊन वेळ मारून नेऊ नये, ‘सध्या शिल्लक नाही’ असे ठराविक उत्तर द्यावे. मागणाऱ्याने थांबावे व पुन्हा विचारावे. कच्चा अंक पक्का म्हणून देण्यापेक्षा स्पष्ट नकार केव्हाही बरा, कारण कच्च्या किल्लीने लावलेले कुलूप बाहेरून पक्क्या कुलपासारखेच दिसते.

प्रमाण नमुन्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. नमुना मागणीची रीत ठरवितो, झऱ्याचे पाणी तो स्वतः शुद्ध करीत नाही. म्हणून विचारी ऑपरेटिंग सिस्टीम एकाच झऱ्यावर विसंबून न राहता अनेक उगमांचे पाणी एकत्र करते. आर्मखेरीज इतर पद्धतींतही असे प्रयत्न झाले आहेत. रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्यात यादृच्छिकतेच्या उगमाची प्रमाण रीत २०२१ साली ठरली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेचे ‘वेगा’ प्रक्रियक याच खुल्या आराखड्यावर आधारलेले आहेत. त्यामुळे हा विषय आपल्यालाही परका नाही.

आपले कर्तव्य

या तांत्रिक विषयात गावपातळीवर काय करता येईल, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. यंत्रांची खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी किंमत व हमीकाळ यांच्या जोडीने आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. यंत्रात यादृच्छिकतेचा खरा झरा आहे काय? तो प्रमाण रीतीने ऑपरेटिंग सिस्टीमला उपलब्ध होतो काय? आणि फर्मवेअरच्या सुधारणा किती वर्षे मिळतील? पंचायत सदस्यांनी, दुकानदारांनी व बँक मित्रांनी सुधारणा चालू असताना यंत्र बंद करू नये आणि अधिकृत नसलेल्या माणसाकडून त्यात आज्ञावली भरून घेऊ नये.

शिक्षकांना तर हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. निम्म्या विद्यार्थ्यांना शंभर वेळा नाणे उडवून छापा-काटा लिहावयास सांगावे आणि उरलेल्यांना नाणे न उडविता मनानेच शंभर नोंदी लिहावयास सांगावे. नाणे उडविणाऱ्यांच्या वहीत सलग पाच छापे किंवा सलग पाच काटे जवळजवळ हमखास आढळतील. मनाने लिहिणारी मुले मात्र असे सलग पाच सहसा लिहीत नाहीत. खरी यादृच्छिकता मनाने रचता येत नाही, ती निसर्गाकडूनच घ्यावी लागते, हे मुलांना यातून आपोआप उमगेल.

अक्राणीच्या पाड्यावरील एखादी वृद्धा धान्यासाठी बोट पुढे करते, तेव्हा तिने यंत्रावर आणि यंत्रामागील व्यवस्थेवर विश्वास टाकलेला असतो. पासवर्ड बदलता येतो, बोटाचा ठसा मात्र बदलता येत नाही. ती एकदा हरवली तर कायमची हरवणारी ठेव आहे. तिच्या रक्षणासाठी प्रत्येक यंत्राने प्रत्येक वेळी खरी सोडत काढावी, एवढीच या साऱ्या प्रमाणीकरणामागील अपेक्षा आहे.