‘पे’ दिसलं की विचारा : देणार कोण?



आपल्या भागात “ह्यांचं पेमेंट झालं का?” असं विचारलं की अर्थ एकच : चाकणच्या कंपनीतला पगार खात्यात आला का? म्हणजे पेमेंट हा आपल्यासाठी पैसे येण्याचा शब्द. याच शब्दाने आपल्या एका ताईंना फसवलं. फोन आला, “पापडाची ऑर्डर द्यायचीये, आगाऊ पेमेंट करतो. व्हॉट्सॲपवर कोड पाठवलाय, तो स्कॅन करा, ‘पे’ दाबा, पिन टाका.” ताईंना वाटलं पैसे येतायत. खात्यातून चार हजार गेले.

‘पे’ हे इंग्रजी क्रियापद. त्याचा अर्थ देणे, चुकते करणे. पगाराच्या वेळी देणारी कंपनी असते, म्हणून आपल्याला ते ‘येणं’ वाटतं. देणारा बदलला की आपल्यासाठी अर्थ उलटा होतो. रोजच्या कामात हा शब्द असा भेटतो :

• पे-स्लिप : कंपनीने किती पगार दिला, किती कापला, त्याचा कागद.

• पे-इन स्लिप : गटाची बचत बँकेत भरताना आपण लिहितो ती स्लिप. इथे भरणारे आपण.

• अकाउंट पेयी चेक : पेयी म्हणजे ज्याला पैसे मिळणार तो. असा चेक काउंटरवर रोख वटत नाही, ज्याचं नाव त्याच्याच खात्यात जमा होतो.

• टू-पे : ट्रान्सपोर्टच्या पावतीवर असं असेल तर भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं. ‘पेड’ असेल तर पाठवणाऱ्याने आधीच दिलंय.

• प्रीपेड, पोस्टपेड : आधी पैसे मग वापर, किंवा आधी वापर मग बिल.

• पे अटेन्शन : मुलांच्या शाळेतलं वाक्य. लक्ष द्या. बघा, इथेही ‘देणं’च!

आता मोबाईलचा नियम पाठच करा. आपल्या मोबाईलवर आपण ‘पे’ दाबलं की देणारे आपणच. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला आणि शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही.

कार्तिकी वारीत हार-तुळशीच्या, पेढ्याच्या स्टॉलवर गर्दी असते. गिऱ्हाईक त्याच्या मोबाईलवर ‘पेड’ दाखवतं आणि निघतं. ते त्याचं स्क्रीन झालं. आपल्या बॉक्सचा आवाज ऐका, नाहीतर आपल्या खात्यात जमा झालंय का ते बघा, मगच माल द्या.

तरी फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर सांगाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आपल्या त्या ताईंनी घरी कळेल या भीतीने दोन दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढच्या साप्ताहिक बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. ज्या तायांना वाचता येत नाही, त्यांना त्यांच्या मोबाईलवरचं ‘पे’ चं बटण बोट ठेवून दाखवा.