मोठे चित्र आणि संगणकाची स्मृती

जुने नकाशे, मोडी कागद आणि समूहछायाचित्रे यांच्या संगणकीय प्रती करण्याचे काम आज अनेक संस्थांनी हाती घेतले आहे. त्यात गुंतलेले माजी विद्यार्थी मला एकच तक्रार वारंवार सांगतात : संगणक नवा असूनही मोठे चित्र उघडताच तो अडखळतो. या अडखळण्याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. ते न कळल्यामुळे पुष्कळदा चित्राचाच बळी दिला जातो.

प्रथम हिशेब पाहू. संगणकातील चित्र रांगोळीसारखे ठिपक्यांचे बनलेले असते. ३६ इंच लांब व २४ इंच रुंद नकाशा दर इंचास ६०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केला, तर २१,६०० गुणिले १४,४००, म्हणजे सुमारे ३१ कोटी बिंदू होतात. प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरला, तर सुमारे ९३ कोटी बाइट लागतात. जेपेग फाइल डिस्कवर लहान दिसते. परंतु संपादनासाठी उघडताच तिची घडी उलगडते आणि ती पूर्ण जागा व्यापते. त्यावर चढवलेले थर आणि केलेला बदल मागे घेता यावा म्हणून राखलेल्या पूर्वस्थिती यांची भर वेगळीच.

संगणकाची रॅम म्हणजे कारकुनाचे मेज, आणि डिस्क म्हणजे दफ्तरखाना. मेज भरले की काही कागद रुमालात बांधून परत ठेवावे लागतात. दुय्यम साठ्याला मुख्य स्मृतीचा विस्तार मानण्याची ही युक्ती मँचेस्टर येथे १९६२ साली कार्यान्वित झालेल्या ॲटलस संगणकात होती. तेथे डिस्कऐवजी चुंबकीय ड्रम असे. युक्ती उपकारक, पण तिचे मोल मोठे आहे. फिरती डिस्क रॅमपेक्षा सुमारे एक लाख पट सावकाश माहिती शोधून देते. मेजावरचा कागद एका सेकंदात हाती येत असेल, तर रुमालातला मिळण्यास अठ्ठावीस तास लागावेत! एसएसडीने हे अंतर पुष्कळ घटवले, तरी मिटवलेले नाही. काम थोडे आणि ने-आणच फार, या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली तिची मीमांसा केली.

उपाय आहे तो चित्राचे चौकोनी तुकडे करून लागतील तेवढेच मेजावर घेण्याचा. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमने २०२२ साली रेम्ब्रांटच्या ‘द नाइट वॉच’ची ८,४३९ छायाचित्रे जुळवून केलेली ७१७ अब्ज बिंदूंची प्रतिमा प्रसिद्ध केली. ती साध्या संगणकावरही पाहता येते, कारण डोळ्यांसमोरचा भाग तेवढाच आणला जातो. सोबत क्रमाने निम्म्या निम्म्या लांबी-रुंदीच्या प्रती ठेवल्या जातात. त्या साऱ्यांची बेरीज मूळ चित्राच्या जेमतेम एकतृतीयांश भरते.

म्हणून माझे सांगणे असे. संगणक संथ वाटला की वेगवान प्रोसेसर घेण्यापूर्वी रॅम पुरते का, हे पाहावे. तात्पुरत्या साठ्यासाठी वेगळी, वेगवान व मोकळी डिस्क द्यावी. अनावश्यक थर एकत्र करावेत. रोजच्या कामासाठी लहान प्रत वापरावी. मूळ स्कॅन मात्र पूर्ण तपशिलानेच करावे. आजचा अपुरा संगणक उद्या बदलता येईल. घडीवर विरलेला नकाशा दुसऱ्यांदा काचेवर पसरता येईलच, असे नाही.