एक सीडी, पाच संगणक: आपण नेमकं काय विकत घेतो?

मागच्या खेपेला पानशेतला आलो तेव्हा एका शिक्षकांनी विचारलं, "सर, शाळेनं पैसे मोजून प्रोग्रॅम घेतला. लॅबमध्ये पाच मशीन आहेत. पाचांवर टाकला तर चोरी कशी? वस्तू आमचीच ना?" घोळ आहे तो 'वस्तू' या शब्दात.

खुर्ची एकच असते. तुम्ही बसलात की मी उभा. प्रोग्रॅमचं तसं नाही. न्यायदर्शनात व्यक्ती आणि जाती असा भेद करतात. गाई अनेक, गोत्व एकच. प्रोग्रॅम या गोत्वासारखा आहे. पाच मशीनवर टाकला तरी तो एकच, आणि पहिल्या मशीनवरचा तसूभरही कमी होत नाही. म्हणून कंपनी प्रोग्रॅम विकत नाही, वापरायची परवानगी विकते. न वाचता आपण ज्यावर टिचकी मारतो, तो हा परवाना.

त्यात मोजतात काय, हे आधी बघा. कुठे मशीन मोजतात, कुठे माणसं, कुठे एकाच वेळी चालू असलेल्या प्रती. नव्या संगणकाबरोबर आलेली विंडोज तर बहुधा त्याच मशीनला बांधलेली असते.

आता कायदा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम हे साहित्यकृतीत मोडतात. पण कलम 52 काही सवलती देतं. हक्काच्या प्रतीवरून बॅकअप घेता येतो, कारण मूळ प्रत नष्ट होऊ शकते. हे पानशेतकरांना काय सांगायचं? 12 जुलै 1961 ला इथलं धरण फुटलं आणि पुण्यात घराघरांतले कागद, वह्या वाहून गेल्या. दुसरी प्रत नव्हती ते कायमचं गेलं. मात्र बॅकअप जपून ठेवायचा असतो; दुसऱ्या मशीनवर चालवला की तो बॅकअप राहत नाही. स्वतःच्या हक्काच्या प्रतीवरून, बिगरव्यापारी खाजगी वापरासाठी प्रत करायलाही हे कलम मुभा देतं. पण शाळेची लॅब म्हणजे कुणाचा खाजगी वापर नव्हे.

आणि शिक्षा? बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर कलम 63ब नुसार 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल, तर न्यायालय कैद टाळून 50 हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. म्हणजे "आम्ही कुठे कमावतो?" म्हटल्यानं शिक्षा हलकी होईल, पण गुन्हा पुसला जात नाही.

मग गरीब शाळेनं काय करावं? लिनक्स, लिबरऑफिस यांचे परवाने उलट्या बाजूनं लिहिलेत: पाच काय, पन्नास मशीनवर टाका, शेजारच्या शाळेलाही द्या. केरळच्या सरकारी शाळा याच वाटेनं गेल्या.

त्या शिक्षकांना मी एवढंच म्हटलं, कपाटातून बिल आणि परवाना काढा, लॅबमधली मशीन मोजा, आणि दोन्ही आकडे जुळतात का बघा. जुळत नसतील तर काय करायचं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.