गृहभेटीची तालीम वर्गातच व्हावी

समाजकार्याच्या शिक्षणात वर्गात मुलाखतीची तंत्रे शिकवतात आणि क्षेत्रकार्यासाठी विद्यार्थ्याला वस्तीत पाठवतात. पण समोरच्या बाईने आपले घरचे दुःख या परक्या मुलाला का सांगावे, हा प्रश्न दोन्हीकडे निसटतो. तो पकडायला नाट्यासारखे साधन नाही. वर्गातच गृहभेट उभी करा: एक विद्यार्थिनी सून, दुसरी सासू, तिसरा हातात फॉर्म घेतलेला कार्यकर्ता. तो सासूदेखत विचारतो, "घरात मारहाण होते का?" सून पदर सावरत "नाही" म्हणते. प्रश्न बरोबर होता, जागा चुकली, हे आता व्याख्यानाने सांगावे लागत नाही.

नाट्यातून असे शिकणे नाशिकला नवे वाटू नये. तिथल्या काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि त्याच दशकात भीमराव कर्डक यांच्या जलशाने आंबेडकरी विचार लोकांपर्यंत नेला. तमाशाचा ओळखीचा बाज घेऊन सवाल-जवाबातून रूढींची चिरफाड करायची, तर श्रोत्याच्या मनातली शंका कलावंताला आधी स्वतःशी सोडवावी लागते. १९८३मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने रंगमंचावर आणलेले ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' कार्यकर्त्यांनीच गावोगावी केले. ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल तर आणखी पुढे गेले. त्यांच्या पद्धतीत प्रेक्षकच उठून पात्राची जागा घेतो आणि प्रसंगाला वेगळे वळण देऊन पाहतो. वर्गात याचाच उपयोग आहे: तोच प्रसंग पुन्हा करा. दुसऱ्या कार्यकर्त्याने फॉर्म पिशवीत ठेवला, आधी सासूची विचारपूस केली, तर काय बदलते ते सगळ्यांना दिसू द्या.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला, सुखवस्तू मुले गरिबांची नक्कल करतील. हा धोका खराच. म्हणून प्रयोग क्षेत्रकार्याची जागा घेऊ शकत नाही. प्रसंग तिथल्या नोंदींतून यावा, कुणाची ओळख उघड न करता, आणि चुकीचे चित्रण चर्चेत खोडले जावे. दुसरा, एखाद्या विद्यार्थिनीने तेच भोगलेले असेल तर जखम उघडी पडेल. त्यासाठी भूमिका नाकारण्याची मुभा आणि प्रयोगानंतर शिक्षकाचा निवांत वेळ, या अटी सोडता येणार नाहीत. गुण द्यायचे ते अभिनयाला नव्हे, नंतरच्या चिंतनाला. एवढे पथ्य पाळले तर विद्यार्थ्याची पहिली चूक वर्गात होईल. तिची किंमत वस्तीतल्या कुणा बाईला मोजावी लागणार नाही.