व्हॅनमध्ये डिझेल इंजिन: ऐकीव काय आणि खरं काय

अष्टविनायकाला निघालेली गाडी शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतून जाते. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यातला. सिद्धटेक भीमेपलीकडे, कर्जत तालुक्यात. पण पुण्याकडचा माणूस तिथं जातो तो बहुधा दौंडवरूनच. चतुर्थीला रांजणगावच्या वाहनतळावर पाच मिनिटं उभं राहावं. टेम्पो ट्रॅव्हलर, विंगर, ईको, ओम्नी, मध्येच एखादी रंग उडालेली मॅटॅडोर. प्रवासी दर्शनाला गेले की चालक चहाला एकत्र येतात, बोलणं ॲव्हरेजवर जातं आणि पेट्रोल व्हॅनवाल्याला कुणीतरी सल्ला देतंच: "डिझेल इंजिन टाकून घे, वर्षात पैसे वसूल."

हा सल्ला मी अनेक वर्षं ऐकतोय. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण घेणारा बहुतेक वेळा शाळेची मुलं नाहीतर भाजीपाला वाहणारा, हप्त्यावर गाडी घेतलेला माणूस असतो, आणि चुकीच्या माहितीची किंमत तोच मोजतो. म्हणून एकेक गोष्ट नीट पाहू.

"डिझेल म्हणजे ताकद जास्त."

हे अर्धं खरं आहे. आपल्याच तालुक्यातलं उदाहरण घेऊ. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला कारखाना आहे. १२४८ सीसीचं प्रसिद्ध मल्टीजेट डिझेल इंजिन तिथं बनायचं. त्याची सर्वांत परिचित आवृत्ती ७५ अश्वशक्तीची. जुन्या मारुती ईकोचं ११९६ सीसीचं पेट्रोल इंजिन ७३ अश्वशक्तीचं. म्हणजे अश्वशक्ती जवळपास सारखीच. फरक आहे तो टॉर्कचा, चाक फिरवणाऱ्या पिळाचा. ईकोचा टॉर्क १०१ न्यूटन-मीटर, मल्टीजेटचा १९०, आणि तोही दोन हजार फेऱ्यांच्या आतबाहेर मिळणारा. भरलेली गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये न कुंथता चढते ती या टॉर्कमुळे. पळण्याचा कमाल वेग मात्र अश्वशक्तीवर ठरतो आणि तिथं डिझेलचं पारडं आपोआप जड होत नाही.

आता हाच आकडा उलट्या बाजूनं बघा. ईकोचा क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि मागचं क्राउन-पिनियन १०१ न्यूटन-मीटर सोसायच्या हिशेबानं बनलेलं आहे. त्यात १९० चं इंजिन जोडलं तर आधी क्लच प्लेट जाते, मग गिअरचे दात बोलायला लागतात. पेट्रोल इंजिन सहा हजार फेऱ्यांपर्यंत सहज जातं, तर डिझेलची पूर्ण ताकद चार हजारांतच संपते. मागचं क्राउन-पिनियन पेट्रोलच्या हिशेबाचं तसंच ठेवलं, तर सोलापूर रस्त्यावर ऐंशीला डिझेल इंजिन बिचारं धापा टाकतं. मग आवाज वाढतो, आणि ज्या ॲव्हरेजसाठी एवढा खटाटोप केला तेही हाती लागत नाही.

"इंजिन बसलं की काम झालं."

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच, म्हणून इथं जरा थांबतो.

गाडीत इंजिन बसवायचं म्हणजे फक्त माउंटिंगला भोकं पाडायची नसतात. मल्टीजेटसारखी कारची इंजिनं बॉनेटखाली आडवी बसतात आणि पुढची चाकं फिरवतात. ओम्नी-ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली उभं असतं आणि मागची चाकं फिरवतं. त्यामुळे कारचा गिअरबॉक्स तिथं चालत नाही, व्हॅनचं क्लच हाउसिंग इंजिनला जुळत नाही, आणि मधे लेथवर बनवलेली प्लेट टाकावी लागते. ती प्लेट केसभर जरी तिरकी बसली तरी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील वारंवार जातं. रेडिएटर मोठा लागतो. डिझेल इंजिन त्याच आकाराच्या पेट्रोल इंजिनाहून जड असतं, त्यामुळे पुढची स्प्रिंग दबते आणि स्टिअरिंग जड होतं. आणि चालकाच्या मांडीखाली ज्या जागेत पेट्रोल इंजिनची उष्णता कशीबशी सोसली जाते, तिथं डिझेलची थरथरही येते.

पण जी गोष्ट दिसत नाही ती ब्रेकची. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा थ्रॉटलच्या मागं निर्वात तयार होतो. ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडलमागचा तो गोल काळा डबा, याच निर्वातावर चालतो. डिझेल इंजिनात इंधन कमी-जास्त करून वेग ठरतो. हवा अडवायची गरज नसल्यामुळे तिथं असा निर्वात मिळत नाही. म्हणून कारखान्यातून येणाऱ्या डिझेल गाडीत वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच मागं बसवलेला असतो. इंजिन बदलताना हा पंप विसरला, किंवा बसवला पण नळी सैल राहिली, तर बूस्टर मुका होतो. ब्रेक लागतात, पण पाय दुप्पट जोरानं दाबावा लागतो. दहा मुलं बसलेल्या गाडीत, समोर उसाची ट्रॉली अचानक वळली की त्या एका क्षणी हे कळतं.

बूस्टर चालतो की नाही ते घरच्या घरी कळतं. गाडी बंद असताना ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा. पेडल टणक झाल्यावर पाय त्यावर तसाच ठेवा आणि गाडी चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर चालू आहे. जागचं हललं नाही तर त्या गाडीत मुलं बसवू नका. ही तपासणी कुठल्याही गाडीला लागू पडते, इंजिन बदललेलं असो वा नसो.

"मॅटॅडोरचं इंजिन कशातही बसतं. पूर्वी सगळे बसवायचेच."

या म्हणण्यामागं खरा इतिहास आहे आणि तो आपल्या जिल्ह्याचा आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, मर्सिडीज-बेंझचं ओएम ६१६ हे २४०० सीसीच्या आसपासचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन परवाना घेऊन इथं बनवलं. मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीतही हेच इंजिन. मॅटॅडोर, ट्रॅक्स आणि १९८७ पासूनची ट्रॅव्हलर या इंजिनावर चालली. त्याला कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. पंप, नोझल, हीटर प्लग आणि एक स्टॉप केबल. एअर घेतली तर रस्त्याच्या कडेला स्पॅनरनं एअर काढून गाडी पुन्हा मार्गी लागायची. त्यामुळे ते गॅरेजवाल्यांचं लाडकं झालं, हे रास्तच होतं. जीपचंही तसंच. महिंद्रानं १९७९ साली प्युजोशी करार केला आणि त्यांचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन जीपमध्ये आणलं. मग जुन्या पेट्रोल जीपच्या मालकांनीही डिझेल इंजिनं बसवून घेतली. जीपला स्वतंत्र चासी, इंजिन उभं, जागा मोकळी. तिथं हे काम जमायचं.

पण तेव्हाचा कायदाही वेगळा होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओला कळवून, त्याची मंजुरी घेऊन गाडीत बदल करता यायचा. ऑगस्ट २००० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं हे दार जवळजवळ बंद केलं. निर्मात्यानं मुळात जे तपशील दिले, त्यांच्याशी नोंदणी प्रमाणपत्र जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, असं हे कलम आता म्हणतं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं के. जयचंद्र प्रकरणात हीच गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली. चाळीस वर्षांपूर्वी काकांनी जीपमध्ये केलेलं काम आज तुमच्या व्हॅनमध्ये चालेल, असं म्हणूनच होत नाही.

आणि आजची डिझेल इंजिनंही ती राहिली नाहीत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानंतरच्या डिझेल गाडीत कॉमन रेल, इसीयू, धुराची काजळी अडवणारा फिल्टर आणि त्यांना बांधणारं वायरिंगचं जाळं असतं. अपघातातल्या गाडीचं असं इंजिन आणून त्यातला निम्मा भाग कापून टाकला, तर ते चालू होईलही. पण ते ज्यासाठी बनलं ते काम करणार नाही.

"आधी बसवू, आरटीओत नंतर नोंद करून घेऊ."

पेट्रोल व्हॅनमध्ये डिझेल इंजिन टाकल्यावर इंधनाचा प्रकार बदलतो, इंजिनची क्षमता बदलते आणि प्रदूषणाचं मानकही. ही गाडी निर्मात्यानं कधी बनवलीच नव्हती. मारुतीनं ओम्नी किंवा ईको डिझेलमध्ये विकलेलीच नाही. कायद्यात इंधन बदलण्याच्या किटला जागा आहे, पण ती ठरवून दिलेल्या अटींवर. अख्खं डिझेल इंजिन म्हणजे किट नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा पॉलिसीही नोंदणीतल्या तपशिलावर दिलेली असते. अपघातानंतर सर्वेक्षकानं बॉनेट किंवा सीट उचलली आणि खाली वेगळंच इंजिन निघालं, तर कंपनीला हरकत घ्यायला सबळ कारण मिळतं.

याच्या उलट टोकाचाही एक गैरसमज आहे, आणि त्यानं बिचाऱ्या सरळ माणसांचं नुकसान होतं: "इंजिन बदलणं म्हणजेच गुन्हा." तसं नाही. तुमच्या ट्रॅव्हलरचा ब्लॉक फुटला आणि त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवायचं असेल, तर ते करता येतं. आरटीओची मंजुरी घ्या. मंजुरीआधीच इंजिन बदलावं लागलं असेल, तर चौदा दिवसांच्या आत कळवा. इंजिनाचं पक्कं बिल ठेवा, नवा इंजिन क्रमांक प्रमाणपत्रावर चढवून घ्या. गाडी कर्जावर असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमती लागते. भंगारातून बिनबिलाचं स्वस्त इंजिन घेऊ नका. ते चोरीच्या गाडीचं निघालं तर गॅरेजवाला नव्हे, तुम्ही उत्तर द्याल.

"दिल्लीत दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद होते, म्हणजे आपल्याकडेही होणार."

दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी परिसरापुरता आहे. पुणे जिल्ह्यात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर फिटनेस तपासून आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. चांगली राखलेली जुनी डिझेल गाडी घाबरून कवडीमोलानं विकू नका.

"काळा धूर म्हणजे इंजिन दमदार."

काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, तुमच्या खिशातलं. पंप वाढवून घेतला किंवा नोझल झिजले की तो येतो. पीयूसीत धुराची मर्यादा बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला ६५ एचएसयू आणि बीएस-४ गाडीला ५० आहे. नोझल काढून कॅलिब्रेशन करून घेतलं की धूर जातो आणि ॲव्हरेजही परत येतं.

राहिला पैशाचा हिशेब. २०१२ साली दिल्लीत पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागं तीस रुपयांच्या आसपास तफावत होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल सरकारी नियंत्रणातून मोकळं झालं आणि ती तफावत आटली. आज कागदावर मांडू: पेट्रोल १०४, डिझेल ९१ रुपये धरा. शाळेची व्हॅन दिवसाला ३० किलोमीटर, वर्षात २२० दिवस, म्हणजे ६६०० किलोमीटर. पेट्रोलवर लिटरला १४ आणि डिझेलवर १८ मिळाले, तर वर्षाची बचत साडेपंधरा हजार रुपये. एवढ्यासाठी क्लच, गिअरबॉक्स, विमा आणि परवाना पणाला लावायचा? ज्याची गाडी रोज शंभर किलोमीटरच्या पुढं पळते त्याची बचत याच्या चौपटीहून जास्त होते, हे मान्य. त्यानं कारखान्यातून आलेली डिझेल किंवा सीएनजी गाडीच घ्यावी. ऑगस्ट २०२२ पासून बीएस-६ पेट्रोल गाडीत मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवायला केंद्रानं परवानगी दिली आहे, आणि साडेतीन टनांखालच्या बीएस-६ डिझेल गाडीचं इंजिन बदलून सीएनजी इंजिन बसवण्याचीही. कायद्यानं उघडी ठेवलेली वाट ही आहे, आणि तिची नोंद आरटीओत होते.

जुनी व्हॅन घ्यायला जाल तेव्हा रंग आणि सीट कव्हर नंतर बघा. आधी टॉर्च घेऊन सीट उचला, इंजिन ब्लॉकवरचा क्रमांक कापडानं पुसून वाचा आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. आरसीवर इंधन पेट्रोल लिहिलंय आणि खाली डिझेलचा इंजेक्शन पंप दिसतोय, किंवा क्रमांकाच्या जागी कानस मारल्याच्या खुणा आहेत, तर इसार देऊ नका.