करवंदांच्या दिवसांतली मुळशी

जूनचा पहिला पाऊस पडला की पुण्याच्या चांदणी चौकातून पौडकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि ती गणपतीपर्यंत हटत नाही. धबधबे, धुकं, भाजलेलं कणीस, कांदाभजी, चहा. पुणेकरांच्या मनातली मुळशी ती एवढीच. तिच्यात खोटं काही नाही. जुलै २०२४ मध्ये इथल्या ताम्हिणी घाटात एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा पाऊस पाहायला माणसं तिकडेच जाणार. पण मुळशीला जेवायला, खायला-प्यायला जायचं असेल तर तो काळ खरा नव्हे. पावसाळ्यात रस्त्याकडेला जे खाल्लं जातं, ते लोणावळ्याला किंवा सिंहगडाच्या पायथ्यालाही मिळतं. मुळशीचं स्वतःचं असं खाणं शिमगा सरताना सुरू होतं आणि मृगाच्या तोंडाशी संपतं. मधले ते अडीच-तीन महिने या तालुक्याकडे कुणी फिरकत नाही, कारण उन्हाळ्यात डोंगर उघडे पडतात आणि फोटो चांगले येत नाहीत.

डोंगर उघडे पडतात हे खरं, पण त्याच दिवसांत पांगारा आणि काटेसावर लाल होतात, पळस पेटतो, कुसुंबाला तांबडीलाल पालवी फुटते. भातखाचरांत नुसती धसकटं उरलेली असतात आणि पुढच्या रोपांसाठी राब भाजायची तयारी चाललेली असते. खाचरांच्या बांधांवर, डोंगरउतारावर, गायरानात करवंदाच्या जाळ्यांना पांढरी, सुवासिक फुलं लागलेली असतात. रानमेव्याचा क्रम इथून सुरू होतो. आधी आंबगुळं येतात, गुलाबी-लाल आणि चांगलीच आंबट. मग पांढरी तोरणं. चैत्र मुरला की अळू पिकायला लागतात, वरून तपकिरी आणि आत मऊ गराची. ही फळं शहराच्या बाजारात फारशी पोचत नाहीत, कारण ती हाताळायला नाजूक आणि गोळा करायला कष्टाची. वैशाखात रायवळ आंबे, फणस, आणि अगदी शेवटी जांभळं. या सगळ्यांच्या मध्यावर करवंद.

करवंदाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या भागातल्या उन्हाळ्याचा खरा व्यवहार त्याच्यावर चालतो. हे झुडूप कुणी लावत नाही, कुणी त्याला पाणी घालत नाही. मुरमाड, खडकाळ उतारावर ते आपोआप माजतं. फांदीफांदीवर दुबेळके काटे, आणि फळ तोडलं की देठातून पांढरा चीक. तो बोटांना चिकटतो, काळा पडतो आणि सहज निघत नाही. जाळीतली सगळी फळं एकदम पिकत नाहीत. एका घोसात हिरवं, तांबूस आणि काळंभोर असं तिन्ही असतं, म्हणून एकेक फळ पाहूनच तोडावं लागतं. तोडलेलं पिकलं करवंद दीड-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. म्हणजे पहाटे डोंगर चढायचा, ऊन तापायच्या आत पाटी भरायची आणि त्याच दिवशी ती विकून मोकळं व्हायचं. कातकरी, ठाकर, महादेव कोळी आणि धनगर वाड्यांवरच्या बायका आणि मुलं हे काम पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत. कातकरी हा महाराष्ट्रातल्या अतिमागास मानल्या गेलेल्या तीन आदिवासी समाजांपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. शेतावरची मजुरी नसते, वीटभट्ट्यांचा हंगाम सरत आलेला असतो, अशा वेळी रोख पैसा हातात देणारी गोष्ट ही एवढीच.

विकायची पद्धतही ठरलेली. पळसाच्या नाहीतर कुड्याच्या पानांना काडी टोचून केलेला द्रोण, त्यात शीग लावून भरलेली करवंदं. खंडाळ्याच्या घाटात गाडी थांबली की खिडकीशी येणारे असेच द्रोण जुन्या प्रवाशांना आठवतील. ताम्हिणीच्या रस्त्यावर ते अजून दिसतात, जरी पानांची जागा बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकच्या पेल्यांनी घेतली आहे. करवंद हातात आलं की मुलांचा एक खेळ असतो. फळ अर्धं चावायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. हिरव्या करवंदांचं लोणचं आणि चटणी होते. अर्धवट पिकलेल्यांचा मुरंबा किंवा जेली चांगली जमते, कारण फळात पेक्टिन भरपूर असतं आणि रस आपसूक घट्ट होतो. पिकलेल्यांचं सरबत गडद जांभळ्या रंगाचं, किंचित तुरट. मीठ आणि जिऱ्याची पूड घातली की त्याच्यापुढे बाटलीतलं कुठलंही पेय फिकं वाटतं.

या फळाचा मोठा शत्रू वणवा आहे. माघ-फाल्गुनात गवत वाळलं की डोंगर पेटवले जातात. कुठे पुढचं गवत जोमानं यावं या समजुतीनं, कुठे विडीच्या थोटकानं, कुठे निव्वळ खोडीपायी. करवंद नेमकं तेव्हा फुलावर असतं. जाळी मुळातून मरत नाही, पावसात पुन्हा फुटते, पण त्या वर्षीचं पीक जातं. ज्या उतारावर फाल्गुनात वणवा लागला, तिथल्या वाडीला वैशाखात विकायला काही नसतं. वणवा विझवायला धावणारे गावकरी आणि वनरक्षक यांचं मोल म्हणून नुसतं जंगलापुरतं मोजून चालणार नाही.

आता जेवणाकडे. मुळशीचं नाव घेतलं की जाणकाराला आधी आठवतो तो आंबेमोहोर. या तांदळाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दाणा आखूड, भात मऊ आणि शिजताना घरभर दरवळ. त्याची रोपं उंच वाढतात आणि वाऱ्यापावसात लोळतात, उतारा कमी पडतो, गिरणीत दाण्याची कणी जास्त होते. शेतकऱ्याच्या हिशेबात तो बसेना, म्हणून आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात ‘इंद्रायणी’ तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतात आला. आज या पट्ट्यातल्या बहुतेक खाणावळींत वाढला जातो तो इंद्रायणीच, आणि तोही चवीला कमी नाही. पण खरा आंबेमोहोर खायचा तर वसंतातच. दिवाळीच्या सुमारास झोडलेल्या नव्या भाताचा गिचका होतो. चार-पाच महिने मुरलं की दाणा आपला आकार धरतो. चैत्रातला आंबेमोहोराचा भात, वर मेतकूट आणि साजूक तूप, बाजूला कैरीचं ताजं लोणचं, एवढ्यावर जेवण होतं. जुन्या घरांत या तांदळाची पेज आजाऱ्याला आणि लहान मुलांना देतात.

त्या भाताखालच्या जमिनीचा इतिहासही वसंतातलाच आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. मुळा आणि नीला नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनी वीजनिर्मितीसाठी धरण बांधत होती आणि त्यात खोऱ्यातली पन्नासहून अधिक गावं जाणार होती. जाणारी जमीन भाताची, पिढ्यांनी बांधबंदिस्ती करून घडवलेली. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी मावळ्यांना घेऊन हा लढा १९२४ पर्यंत चालवला. ‘सेनापती’ ही बापटांची ओळख याच लढ्यातली. बायका-मुलांसह माणसं तुरुंगात गेली. धरण झालंच. घाटमाथ्यावर अडवलेलं ते पाणी सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला सोडलं जातं, आणि १९२७ पासून तिथली वीज समुद्रकाठच्या मुंबईला मिळू लागली. मुळशीच्या जलाशयाकाठी गाडी थांबवून निळं पाणी पाहणाऱ्याला हे ठाऊक असावं, की त्या पाण्याखाली आंबेमोहोराची खाचरं आहेत. धरणातून उरलेली जमीन पुढे फार्महाऊस आणि बंगल्यांच्या प्लॉटांत गेली. २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाचा विषय हाच, जमीन विकलेल्या शेतकऱ्याच्या पोराचं पुढे काय होतं हा.

तरीही गावाचं गावपण ज्या दिवशी उसळून येतं, तो जत्रेचा दिवस चैत्रातच असतो. हिंजवडी म्हटलं की संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात, पण हिंजवडी मुळशी तालुक्यातलं जुनं गाव आहे. चैत्री पौर्णिमेला तिथल्या म्हातोबाचं बगाड निघतं आणि वाकडला जातं, त्याच रस्त्यांनी जिथे एरवी कंपन्यांच्या बसगाड्या अडकलेल्या असतात. तालुक्यातल्या गावोगावच्या जत्रा साधारण या महिन्या-दीड महिन्यात उरकतात, कारण शेतीची कामं थांबलेली असतात आणि पुण्या-मुंबईला गेलेला चाकरमाना सुट्टी काढून येऊ शकतो. पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी घरोघर मटण. तांदळाची भाकरी, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा झणझणीत रस्सा, पाहुण्यांच्या पंगतीवर पंगती. पाटीवरच्या गोडीशेव-रेवड्या आणि कुस्त्यांचा आखाडा हे त्याला लागूनच. पौड रस्त्यावरच्या मटण-भाकरीच्या हॉटेलांची चव याच जत्रेच्या स्वयंपाकातून आली आहे. ती हॉटेलं वर्षभर चालतात आणि त्यांतली काही उत्तम आहेत, पण मूळ पंगत चुलीपुढची. गावात कुणी ओळखीचं असेल तर जत्रेचं आमंत्रण टाळू नये.

पिण्याच्या बाबतीतही हा ऋतू उदार आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हं असतंच. घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यांतलं म्हशीचं ताक दाट आणि गार. भूगाव-पिरंगुटच्या पट्ट्यात रसवंत्या उभ्या राहतात. पुणे जिल्ह्यात त्यांतल्या कित्येकांच्या पाटीवर ‘नवनाथ’ किंवा ‘कानिफनाथ’ लिहिलेलं दिसतं, कारण हा धंदा पसरवणारी बरीच मंडळी पुरंदरच्या बोपगाव परिसरातली, कानिफनाथाच्या डोंगराखालची. चरकाला बांधलेली घुंगरं ही बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांची आठवण, लाकडी चरक बैल फिरवत त्या काळातली.

घाट उतरून विळे, निजामपूर, माणगावकडे निघालं की चव बदलते. आमसुलाची जागा ओले रातांबे घेतात आणि सोलकढीचा रंग गडद होतो. उकाडाही बदलतो. २८ मार्च २०१७ रोजी भिऱ्याला ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या नोंदीच्या अचूकतेवर तज्ज्ञांनी शंका घेतली, पण घाटाखालच्या चैत्राचा अंदाज यायला तेवढं पुरे. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन. सुपारीच्या वाड्यांतल्या घरगुती खाणावळी, आधी सांगून ठेवल्यास उकडीचे मोदक, आणि श्रीवर्धनी रोठा सुपारी. वीकेंडला गर्दी समुद्राकडे धावते, आणि ताम्हिणीतला द्रोण काचेआडून मागे पडतो.

तो द्रोण घ्यायला थांबावं, ही या लेखाची कळकळ आहे. पावसाळी पर्यटनाचा पैसा हॉटेल, रिसॉर्ट आणि पार्किंगवाल्याकडे जातो. करवंदाचा पैसा, मधे कुणी न येता, पहाटे डोंगर चढलेल्या बाईच्या हातात पडतो. तिच्याशी घासाघीस करू नये. स्वतः जाळीत घुसून पिशव्या भरण्याचा मोह तर टाळावाच. ताम्हिणी परिसरातलं सुमारे पन्नास चौरस किलोमीटरचं जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे, तिथून फळ-फूल नेण्याची परवानगी पर्यटकाला नाही. ही फळं शेकरूची आणि पाखरांचीही आहेत, आणि बिया रानभर पसरवण्याचं काम तीच करतात. गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं दिला आहे तो वनावर जगणाऱ्या रहिवाशांना.

जायचं तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत, आणि सकाळी लवकर. पौडला न्याहारी उरकून नऊच्या आत धरणाच्या पुढे पोचलं की ताज्या पाट्या भेटतात, दुपारपर्यंत त्या रिकाम्या होतात. सुट्टे पैसे आणि घरून एखादा डबा न्यावा, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी मागावी लागत नाही. वळवाचे दोन मोठे पाऊस झाले की करवंदात पाणी भरतं आणि चव उतरते, मग जांभळं. मेच्या अखेरीस घाटाखाली शेवळं निघतात, त्यांची भाजी काकडाच्या आंबट फळांशिवाय करत नाहीत, नाहीतर घसा खाजतो. तोवर पौड रस्त्यावर कणसांच्या शेगड्या मांडायला सुरुवात झालेली असते.