साचा तोच, मजुरी वेगळी

भिवंडीतल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये दोन माणसांना बोलायचं तर एकमेकांच्या कानाशी जावं लागतं. पत्र्याचं छप्पर, दोन मागांमध्ये अंग चोरून जावं एवढीच वाट, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू आणि धोटा इकडून तिकडे आपटत जातो त्याची अखंड खडखड. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले कितीतरी साचे भंगाराच्या भावात विकत घेऊन अशाच शेडमध्ये बसवले गेले. लोखंड तेच होतं आणि काम करणाऱ्याचं कसबही तेच. त्याच्या हातात पडणारी रक्कम मात्र गिरणीतल्या पगाराच्या जवळपासही नव्हती, आणि पाळी आठऐवजी बारा तासांची झाली होती.

स्वस्त मजुरीच्या शोधात कारखाने हलतात म्हटलं की चीन, मेक्सिको, बांगलादेश आठवतात. महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं स्थलांतर मात्र समुद्र न ओलांडता झालं. परळ-लालबागचं विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे गेलं आणि गुजरातेत सुरतेकडेही. हे सगळं गिरणी कामगारांच्या १९८२च्या संपामुळे घडलं, अशी समजूत आजही घट्ट आहे. पण संप होण्याच्या कितीतरी आधीपासून विणकाम मुंबईबाहेर सरकत होतं.

गिरणी कामगाराचा पगार काही मालकाच्या मर्जीने वाढलेला नव्हता. १९२८ साली कामगारांनी सहा महिने संप केला. त्यानंतरच्या लढ्यांतून आणि औद्योगिक न्यायालयाच्या १९४७च्या निवाड्यातून वेतनश्रेणी ठरल्या. महागाई भत्ता निर्देशांकाशी बांधला गेला. पुढे बोनस, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आली. बदली कामगारांच्या वाट्याला यातलं फार थोडं येई आणि तो अन्याय गिरणगावात कायम धुमसत राहिला. तरीही गावाकडे मनीऑर्डर जाईल, पोरं शाळेत जातील, एवढा भरवसा त्या पगारात होता.

यंत्रमागाला वाट करून दिली ती सरकारी धोरणाने. हातमाग वाचावा म्हणून १९५०च्या दशकात गिरण्यांवर जादा कर लावण्यात आला आणि त्यांच्या मागांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली. हेतू चांगलाच होता. पण गिरणीला मिळालेली अडचण आणि हातमागाला मिळालेलं संरक्षण, या दोहोंच्या फटीतून यंत्रमाग पुढे आला. चार मागांपर्यंतच्या कारखान्याला अबकारी कर माफ होता. वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार झाले की कारखाने कायदा लागू होई. मग एकाच छपराखालचे माग कागदोपत्री बायको, मुलगा, भाऊ, मेहुणा यांच्या नावांवर वाटले गेले. शेड एक, वीजवाहिनी एक, पण कायद्याच्या नजरेत तिथे चार-पाच छोटे मालक आणि प्रत्येकाकडे मोजके मजूर. मजुरी खरी स्वस्त झाली ती इथे. विणकर कमी कुशल नव्हता. त्याचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं.

या व्यवहारात सगळा नफा यंत्रमागधारकाच्याच खिशात गेला, असं मात्र नाही. इचलकरंजीत ज्यांना खर्चीवाले म्हणतात, ते व्यापाऱ्याकडून सुताची बिमं घेतात, कापड विणून देतात आणि त्याची मजुरी घेतात. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, भावही त्यानेच ठरवलेला. वीजबिल आणि मागाची दुरुस्ती तेवढी खर्चीवाल्याच्या गळ्यात. बाजार पडला की व्यापारी खर्चीवाल्याचा दर कापतो आणि खर्चीवाला मजुराचा. गिरणीत कामगाराला समोर मालक दिसत होता, त्याच्या दारात सभा घेता येत होती. इथे ज्याच्याशी भांडायचं तोच कर्जात, आणि खरा भाव ठरवणारा कापड बाजाराच्या पेढीवर.

१८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तोवर ही पर्यायी व्यवस्था पुरती उभी राहिली होती. गिरण्या बंद होत्या, पण काही मालक यंत्रमागावर कापड विणून घेऊन आपल्या छापाने विकत होते. संप लांबला तसे अनेक संपकरीही पोटासाठी भिवंडीच्या मागांवर उभे राहिले. ज्या कामाच्या मजुरीसाठी मुंबईत झेंडा धरला होता, तेच काम त्याहून कमी दरात करण्याची पाळी त्यांच्यावर आली. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. एक लाखाहून अधिक माणसं कामाला मुकली. ज्यांना परत घेतलं, त्यांनी मिळेल ते काम मिळेल त्या अटीवर पत्करलं.

कारखाना हलण्याचा पगारावर होणारा परिणाम केवळ गेलेल्या नोकऱ्यांत मोजता येत नाही तो याचमुळे. अमेरिकेतही हेच दिसतं. आरसीए कंपनीचं रेडिओचं काम न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये चालत होतं. तिथे १९३६ साली मोठा संप झाला. १९४०मध्ये कंपनीने ते काम इंडियानातल्या ब्लूमिंग्टनला हलवलं, पुढे टीव्हीचं काम १९६६मध्ये मेम्फिसला आणि दशक सरता सरता मेक्सिकोतल्या स्युदाद ह्वारेसला नेलं. जेफरसन कौवी या इतिहासकाराने हा प्रवास तपशिलाने मांडला आहे. प्रत्येक मुक्कामी सुरुवातीला मुख्यतः तरुण मुली कामाला घेतल्या गेल्या. त्या संघटित होऊन पगार मागू लागल्या की कंपनी पुढच्या गावाचा विचार करू लागे. कॉर्नेल विद्यापीठाच्या केट ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९९०च्या दशकातल्या संघटना-निवडणुकांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक ठिकाणी मालकांनी कारखाना बंद करण्याची धमकी दिल्याचं त्यांना आढळलं. प्रत्यक्षात बंद पडले ते त्यांतले थोडेच. पगाराची मागणी गिळायला नुसती धमकीही पुरते.

मग जिथे काम जातं, तिथली मजुरी तरी वाढते का? वाढते, पण आपोआप नाही. बांगलादेशात तयार कपड्यांच्या कारखान्यांतलं किमान वेतन २०१३ साली ३,००० टाक्यांवरून ५,३०० टाक्यांवर गेलं. त्यासाठी राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसं दगावावी लागली आणि कामगारांना रस्त्यावर उतरावं लागलं. इचलकरंजीत मजुरी मोजतात ती ५२ पिकांच्या, म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे असलेल्या, कापडावर, मीटरमागे काही पैसे अशी. २०१३च्या दीर्घ संपानंतर तिथे हा दर महागाईशी जोडण्याचा करार झाला. गिरणगावाने अर्धशतकाहून आधी मिळवलेला हक्क यंत्रमाग कामगाराच्या हाती पहिल्यांदाच आला आणि तो कागदावरून पगारात उतरवण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा झगडावं लागलं.

भिवंडीत तेवढंही जमलेलं नाही. तिथला कामगार बहुतांशी उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारा, भिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवणारा, सणाला आणि शेतीच्या कामाला गावी जाणारा. त्याला संघटनेचा सभासद करणं सोडाच, तो अमुक शेडमध्ये काम करतो याचा पुरावा मिळवणंसुद्धा कठीण. आणि २०२०मध्ये संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहाऐवजी वीस कामगारांपासून सुरू होते. पूर्वी दहाच्या आत राहण्यासाठी माग नातेवाइकांच्या नावांवर वाटावे लागत. आता एकोणीस माणसांपर्यंतच्या शेडला तेवढीही खटपट करावी लागणार नाही.